देहचो उर्फ मॅकेंझी : ही नदी नेमकी कुठून मोजायची?

नकाशावेडा | शनि, ११/०१/२०२५ - २१:४०

बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. आज बाहेर उणे एकतीस आहे आणि गाडीची बॅटरी बसलीय, त्यामुळे मुहूर्त लागला.

गेल्या जुलैत आम्ही तिघं (मी, बायको आणि नऊ वर्षांची कन्या) एडमंटनहून गाडीने यलोनाइफला गेलो. जवळजवळ दीड हजार किलोमीटर. परतताना सरळ घरी यायचं सोडून मी गाडी फोर्ट सिम्प्सनकडे वळवली. "तिथे काय आहे?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, "संगम." ती म्हणाली, "कुठलं देऊळ?" देऊळबिऊळ काही नाही, नुसताच संगम, हे कळल्यावर पुढचे दोन तास गाडीत शांतता होती.

तर मॅकेंझी. कॅनडातली सगळ्यात लांब नदी. पाणलोट क्षेत्र अठरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अर्ध्या भारताहून मोठं, पाच महाराष्ट्र आरामात मावतील एवढं. उत्तर अमेरिकेत याहून मोठं पाणलोट फक्त मिसिसिपीचं. आणि ही नदी ज्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून वाहते तिथली माणसं किती? २०२१ च्या जनगणनेत ४१ हजार. सगळी मिळून!

नकाशावर बोट ठेवलंत तर मॅकेंझी ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पश्चिम टोकातून निघते आणि १७३८ किमी वाहून उत्तरेला बोफोर्ट समुद्राला मिळते. शाळेच्या पुस्तकात मात्र ४२४१ किमी दिलेले असतात. मधले अडीच हजार कुठून आले? तर असे आले: ग्रेट स्लेव्ह सरोवरात दक्षिणेकडून स्लेव्ह नदी येते. ती बनते पीस आणि अथाबास्का या दोघींच्या पाण्यातून. अथाबास्का रॉकी पर्वतातल्या कोलंबिया हिमक्षेत्रातून निघते, ती जॅस्परला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाने पाहिलेली आहे (आणि तिच्या धबधब्यापाशी डबा खाल्लेला आहे). पण तिच्यापेक्षा पीस लांब. पीस पूर्वी फिनले आणि पार्सनिप या दोन नद्यांच्या संगमावर सुरू व्हायची. तो संगम आता विलिस्टन जलाशयाखाली बुडालाय, बेनेट धरण झालं १९६८ ला. फिनलेचा उगम ब्रिटिश कोलंबियातल्या थुटाडे तळ्यात.

म्हणजे पाण्याचा एक थेंब थुटाडेत पडला तर तो फिनले, पीस, स्लेव्ह, मॅकेंझी अशी चार नावं लावून समुद्रात जाणार. वाटेत एक जलाशय, एक महाकाय सरोवर. मग ही एक नदी की चार? आणि लिआर्ड, ग्रेट बेअर, पील या बाजूने येणाऱ्या, त्या "उपनद्या" कोणी ठरवल्या?

फोर्ट सिम्प्सनला लिआर्ड मिळते. तिच्या मुखापाशी फेरीने पलीकडे जावं लागतं. मुख्य नदी सरोवरातून गाळून आलेली, स्वच्छ, हिरवट. लिआर्ड डोंगरातून आलेली, पावसाळ्यातल्या कृष्णेसारखी गढूळ. दोघी एका पात्रात आल्या तरी मिसळत नाहीत. डाव्या काठाने मातकट पट्टा, उजव्याने स्वच्छ पाणी, असं कित्येक किलोमीटर चालतं. कन्येने दोन बाटल्या भरून घेतल्या. एक फोर्ट प्रॉव्हिडन्सच्या पुलाखाली, एक लिआर्डच्या फेरीच्या धक्क्यावर. दोन्ही आमच्या फडताळात आहेत.

माहितगारांनी भर घालावी. चुकलं असेल तर कान धरावा.

भिंगरी | शनि, ११/०१/२०२५ - २२:१५

मस्तच. पण फोटो दिसत नाहीयेत. आणि "कुठलं देऊळ" ला ठसका लागला.

गणामास्तर | रवि, १२/०१/२०२५ - ०७:०५

उत्तम विषय. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी नकाशा दिसला की हात खडूकडे जातो.

लांबी मोजायचा नियम सरळ आहे: मुखापासून उलटं जायचं आणि प्रत्येक फाट्यावर ज्या प्रवाहाचा उगम सर्वांत दूर तो धरायचा. नावाचा संबंध नाही. या हिशेबाने ४२४१ बरोबर. नावं ही माणसांची सोय. आमच्या प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात आणि पुढे नाव पंचगंगा. (पाचवी सरस्वती, ती गुप्त!) म्हणून काय पंचगंगा तिथे उगवली असं आम्ही शिकवत नाही.

एक शंका. ओब, येनिसे, लेना यांच्याबद्दल मी वर्षानुवर्षं एक वाक्य फळ्यावर लिहीत आलो: "या नद्या उत्तरवाहिनी असल्यामुळे वसंतात वरचा बर्फ आधी वितळतो, मुखाकडचा गोठलेलाच असतो, त्यामुळे पूर येतात." मुलं घोकायची, मीही घोकायचो. हे प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी आहे का इथे?

हिमखंड | रवि, १२/०१/२०२५ - १०:३२

मास्तर, पाहिलंय. मी कॅलगरीत असतो, नदीवरच्या बांधकामांचं काम करतो, त्यामुळे बर्फाशी जुना दावा आहे.

तुमचं वाक्य खरं आहे, पण मॅकेंझीवर त्याला एक गंमतशीर मुरड पडते. वरून खाली ओळीने वितळत जातं असं होत नाही. ग्रेट स्लेव्ह सरोवर एवढं मोठं आणि थंड आहे (६१४ मीटर खोल, उत्तर अमेरिकेतलं सर्वांत खोल) की त्याच्यावरचा बर्फ जूनपर्यंत हलत नाही. म्हणजे नदीचं तोंडच बंद. मग पुढे बर्फ फोडतं कोण? लिआर्ड! ती दक्षिण-पश्चिमेच्या डोंगरातून येते, तिच्या वाटेत असं कुठलं मोठं सरोवर नाही, धरण नाही. डोंगरातला बर्फ वितळला की मेच्या सुरुवातीला तिचा लोंढा थेट फोर्ट सिम्प्सनला येऊन मॅकेंझीच्या अजून घट्ट असलेल्या बर्फाला धडक मारतो. पुढच्या हजार-बाराशे किलोमीटरचं कुलूप ही "उपनदी" उघडते. मुख्य नदी मागे सरोवरात झोपलेलीच असते.

कधी कुलूप उघडत नाही. बर्फाचे घराएवढे तुकडे एकावर एक चढतात, नदीत बांध तयार होतो आणि मागचं पाणी काही तासांत चढतं. मे २०२१ मध्ये असंच झालं. फोर्ट सिम्प्सन बेटावर आहे, लोकांना तिथून हलवावं लागलं. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, "हे रिव्हर" (Hay River) नावाच्या गावात तेच. त्या गावाची नदीही उत्तरवाहिनी, ग्रेट स्लेव्हला मिळते, मुखाशी बर्फ तुंबला आणि गाव रिकामं करावं लागलं. पाऊस नसतानाही, निळ्याशार आकाशाखाली पूर येऊ शकतो. आपल्या डोक्यात पूर म्हणजे पाऊस, ते इथे विसरायचं.

फोर्ट प्रॉव्हिडन्सचा जो पूल धागाकर्त्याने पाहिला, देह चो पूल, तो मॅकेंझीवरचा एकमेव पूल आहे. १७३८ किमीमध्ये एक! तोही २०१२ च्या नोव्हेंबरात उघडला. त्याआधी उन्हाळ्यात फेरी, हिवाळ्यात बर्फावरून गाड्या, आणि मधले काही आठवडे ना हे ना ते. त्या दिवसांत यलोनाइफची भाजी-दूध हेलिकॉप्टरने नदी ओलांडायचं. भाव काय होत असतील ते वेगळं सांगायला नको.

पेठकर | रवि, १२/०१/२०२५ - ११:०१

किती पाणी असतं ते क्युसेकमध्ये सांगा राव. आम्हा पुणेकरांना दुसरं काही कळत नाही.

हिमखंड | रवि, १२/०१/२०२५ - ११:२०

सरासरी दहा हजार घनमीटर दर सेकंदाला, म्हणजे साधारण साडेतीन लाख क्युसेक. गेल्या जुलैत खडकवासल्यातून ३५ हजार सोडल्यावर सिंहगड रोडला काय झालं ते तुम्ही पाहिलंत. त्याच्या दहापट, आणि ही वर्षभराची सरासरी.

सुमा | रवि, १२/०१/२०२५ - १४:४४

नकाशा उघडून बसले आणि तिथे "नहानी" नदी दिसली. न्हाणी??? कुणाची आंघोळ चाललीय एवढ्या थंडीत?

नकाशावेडा | रवि, १२/०१/२०२५ - १८:५०

@सुमाताई, माझ्या बायकोचा सेम विनोद. :ड

साउथ नहानी लिआर्डला मिळते, लिआर्ड मॅकेंझीला. म्हणजे उपनदीची उपनदी. पण तोरा बघा: तिच्यावरचा व्हर्जिनिया धबधबा (इथल्या मूळ रहिवाशांच्या, डेनेंच्या भाषेत नाइलीचो) ९६ मीटर उंच, नायगाऱ्याच्या दुपटीच्या जवळपास. १९७८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळांची पहिलीवहिली यादी केली त्यात नहानी होती. तिथे जायला रस्ता नाही. फोर्ट सिम्प्सनहून तरंगत्या विमानाने जातात. भाडं विचारलं, "बरं" म्हटलं आणि फोनवर फोटो बघितले.

हिमखंड, लिआर्डचं कुलूप आवडलं. फेरीची वाट बघताना तिथल्या एका आजींशी बोलणं झालं. मी मोठ्या उत्साहाने त्यांनाच सांगत होतो की दोन नद्या बघा कशा वेगळ्या दिसतात. त्या म्हणाल्या, गावाचं नावच ते आहे. आणि खरंच की. फोर्ट सिम्प्सन हे व्यापारी कंपनीने दिलेलं नाव. डेने नाव लीडली क्वे, अर्थ "नद्या एकत्र येतात ती जागा". पुढे चारेकशे किलोमीटरवर तुलिता गाव आहे, तिथे ग्रेट बेअर नदी मिळते, तर तुलिताचा अर्थही पाणी पाण्याला भेटतं ती जागा. पुढे त्सीगेचिक, तिथे आर्क्टिक रेड नदी मिळते. गावाचं नाव ग्विचिन भाषेतलं, अर्थ लोहनदीचं मुख. म्हणजे इथल्या लोकांना नदी कुठून सुरू होते याची चिंता नव्हती. कुठे कोण कोणाला मिळतं, ते महत्त्वाचं. नावं तिथे पडली. होड्या तिथे थांबायच्या, मासे तिथे मिळायचे, माणसं तिथे भेटायची.

नदीचीही तीन नावं आहेत. स्लेव्ही डेने म्हणतात देहचो, मोठी नदी. ग्विचिन म्हणतात नाग्विचूंजिक, मोठ्या मुलखातून वाहणारी. मुखाकडचे इनुव्हिआलुइट म्हणतात कूकपाक, तोच अर्थ, थोर नदी.

तिरकस | सोम, १३/०१/२०२५ - ००:१२

आता मुद्द्यावर आलात. मास्तर म्हणतात नावं ही माणसांची सोय. कोणत्या माणसांची? अलेक्झांडर मॅकेंझी ३ जून १७८९ ला फोर्ट चिपेवियनहून बर्चच्या सालीच्या होड्या घेऊन निघाला तो प्रशांत महासागर शोधायला. त्याला वाटलेलं की ही नदी पश्चिमेला अलास्काच्या किनाऱ्यावर निघणार. सुरुवातीला ती वाहतेही पश्चिमेला. सिम्प्सनच्या पुढे डोंगर आडवे आले आणि नदी उत्तरेला वळली, तरी साहेब चाललेच आहेत. जुलैच्या मध्यावर मुखापाशी एका बेटावर तंबू ठोकला. रात्रीत सामान भिजलं. आधी वाटलं वाऱ्याने पाणी चढलं, मग कळलं ती भरती होती. देवमासेही दिसले. समुद्र आला, पण भलताच! १०२ दिवसांत १२ सप्टेंबरला परत. वाट दाखवणारे, शिकार करून जेवू घालणारे सगळे डेने. त्यांचा म्होरक्या ऑगीना, त्याला गोरे "इंग्लिश चीफ" म्हणायचे. जे आधीपासून तिथे राहतात त्यांनीच हात धरून नेलं आणि नाव मात्र पाहुण्याचं.

खरी मजा पुढे आहे. १७९३ मध्ये हाच गडी पीस नदीने उलटा वर गेला, फिनले सोडून पार्सनिपला वळला, डोंगर ओलांडला आणि २२ जुलैला प्रशांतच्या खाडीवर पोचला. म्हणजे मास्तरांच्या नियमाप्रमाणे एकाच नदीच्या एका टोकाने तो चुकीच्या समुद्रावर गेला आणि दुसऱ्या टोकाने बरोबरच्या. ती एकच नदी आहे हे मात्र नकाशावर कुठे लिहिलेलं नाही.

ग्रेट "स्लेव्ह" सरोवराबद्दल तर बोलायलाच नको. क्री लोक शेजारच्या डेनेंना तुच्छतेने जे म्हणायचे त्याचं इंग्रजी भाषांतर नकाशावर चिकटलं. शेजाऱ्याने दिलेली शिवी आणि ती दोनशे वर्षं पत्त्यावर.

गणामास्तर | सोम, १३/०१/२०२५ - ०७:३०

तिरकसराव, राग मान्य. पण लांबी मोजताना रागाचा उपयोग नाही. तुमच्या १७९३ च्या गोष्टीने माझाच मुद्दा सिद्ध होतो, नाव वेगळं असून नदी एक!

तिरकस | सोम, १३/०१/२०२५ - ०८:०२

नदी एक असेल तर पीस कधीकधी उलटी का वाहते? नकाशावेडा, हे तुम्ही गाळलंत.

नकाशावेडा | सोम, १३/०१/२०२५ - १९:२५

गाळलं नाही, राखून ठेवलं होतं. :)

पीस नदी अथाबास्का सरोवराच्या अगदी शेजारून जाते. एरवी सरोवराचं पाणी रोशे नावाच्या प्रवाहातून आणि आणखी एक-दोन ओढ्यांतून उत्तरेला पीसच्या पाण्याला मिळतं आणि स्लेव्ह तयार होते. पण पीसला पूर आला की तिची पातळी सरोवरापेक्षा वर जाते आणि हे ओढे उलटे फिरतात. नदी सरोवरात शिरते. आजूबाजूला पीस-अथाबास्काचा प्रचंड त्रिभुज प्रदेश आहे, समुद्रापासून शेकडो मैल आत. तिथली उंचावरची तळी अशा पुरानेच भरतात, त्यातही बर्फ तुंबून आलेल्या.

बेनेट धरणाचा जलाशय १९६८ ते १९७१ मध्ये भरत होता तेव्हा पीस खाली ओढली गेली आणि तळी सुकू लागली. मस्करॅट (पाण्यात राहणारा, केसाळ कातडीचा उंदरासारखा प्राणी) मारून जगणाऱ्या क्री आणि डेने कुटुंबांचा धंदाच बसला. पुढे रोशेवर बंधारे घातले, पण बंधाऱ्याने सरोवराची पातळी राखता येते, उंचावरच्या तळ्यापर्यंत पाणी चढवता येत नाही. १९७४ च्या मोठ्या पुरानंतर तसा पूर थेट १९९६-९७ ला आला. धरण एका प्रांतात आणि सुकलेली तळी दुसऱ्या प्रांतात, हे आपल्याकडच्या वाचकांना फोड करून सांगायला नको.

जुना खलाशी | सोम, १३/०१/२०२५ - २२:४८

वास्कोहून लिहितो. उभी हयात मांडवी-जुवारीत खनिजाच्या बार्जींवर गेली. या नदीवर बार्जी चालतात का? गावांना माल कसा जातो? पात्राला उतार किती?

हिमखंड | मंगळ, १४/०१/२०२५ - ०९:१५

खलाशीकाका, उताराचं ऐका. ग्रेट स्लेव्ह सरोवर समुद्रसपाटीपासून १५६ मीटरवर. तिथून मुखापर्यंत १७३८ किमी. म्हणजे किलोमीटरला नऊ सेंटिमीटर, वीतभर पण नाही. म्हणूनच बार्जी चालतात. हे रिव्हरला माल चढवायचा, जून ते सप्टेंबर. टगबोट मागून ढकलते. इंधन, सिमेंट, गाड्या, सगळं यानेच जातं. बारमाही रस्ता रिगलीला संपतो. त्याच्या पुढच्या तुलिता, नॉर्मन वेल्स, फोर्ट गुड होपला हिवाळ्यात बर्फाचा रस्ता, उन्हाळ्यात बार्ज, नाहीतर विमान.

अडचणीच्या जागा मोजक्या. फोर्ट गुड होपच्या आधी सान्स सॉल्ट नावाचे खडक, मग रॅम्पार्ट्स, तिथे नदी उंच चुनखडीच्या कड्यांमधून जाते. खरा अडथळा वर होता, स्लेव्ह नदीवर फोर्ट स्मिथपाशी. चार रांगा खळाळाच्या, एकीचं नावच बुडालेल्यांचा खळाळ. जुन्या काळी तिथे बोटी रिकाम्या करून पंचवीसेक किलोमीटर सगळं जमिनीवरून न्यायचे. त्याच खळाळातल्या बेटांवर पांढरे पेलिकन घरटी करतात. त्यांची जगातली सर्वांत उत्तरेकडची वसाहत.

आणि वाईट बातमी. २०२० मध्ये ग्रेट स्लेव्हची पातळी विक्रमी वर होती. २०२२ च्या उन्हाळ्यापासून दुष्काळ पडला आणि दोन वर्षांत ती विक्रमी खाली. २०२३ ला आगी, यलोनाइफ रिकामं केलं. २०२४ ला पाणी इतकं उतरलं की उत्तरेकडच्या गावांच्या बार्जी रद्द झाल्या आणि इंधन विमानाने न्यावं लागलं. लोक बोट धरणाकडे दाखवतात, पण मुख्य कारण पाऊसच पडला नाही हे.

जुना खलाशी | मंगळ, १४/०१/२०२५ - १३:३०

नऊ सेंटिमीटर! मग ती नदी नव्हेच, लांबोळं तळं. बार्ज रुतली की काय होतं ते मला विचारा. देव बरें करूं.

अणुरेणू | मंगळ, १४/०१/२०२५ - २३:५५

तुलिताचा उल्लेख आला म्हणून. ग्रेट बेअर नदी जेमतेम सव्वाशे किलोमीटरच्या आतली, पण ग्रेट बेअर सरोवराचा एकमेव निचरा. ते सरोवर ३१ हजार चौरस किमी, पूर्ण कॅनडात असलेलं सर्वांत मोठं. काठावर गाव एकच, देलिने. पाणी आरशासारखं आणि जीव गोठवणारं.

त्याच्या पूर्व काठावर १९३० मध्ये गिल्बर्ट लाबाइनला पिचब्लेंड (रेडियम-युरेनियमचं खनिज) सापडलं. आधी रेडियम काढायचे, मग युद्धात युरेनियमला भाव आला आणि इथलं खनिज अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात गेलं. ते बाहेर कसं पडलं? याच पाण्याने. गोण्या सरोवरातून ग्रेट बेअर नदीत, तिच्या खळाळापाशी उतरवून पुन्हा चढवलेल्या, मग मॅकेंझीत प्रवाहाविरुद्ध वर, ग्रेट स्लेव्ह पार करून स्लेव्ह नदी, फोर्ट स्मिथचा तो जमिनीवरचा टप्पा, आणि शेवटी अथाबास्कावरचं रेल्वेचं टोक. धागाकर्त्याची अख्खी नदी उलटी वाचा, तोच तो मार्ग. गोण्या पाठीवर वाहिल्या त्यात देलिनेचे डेने होते. आत काय आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुढे अनेक घरांतली कर्ती माणसं कर्करोगाने गेली. सरकारी अहवालांनी थेट संबंध सिद्ध होत नाही म्हटलं, गावाने ते मानलं नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये देलिनेचे सहा जण हिरोशिमाला गेले. माफी मागायला. ज्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं ते.

भिंगरी | बुध, १५/०१/२०२५ - ००:२०

बापरे. शेवटची ओळ दोनदा वाचली.

पाणकावळा | बुध, १५/०१/२०२५ - २०:१०

मी पक्ष्यांसाठी इनुविकला गेलो होतो, मुखाबद्दल लिहितो. मच्छरांबद्दल लिहीत नाही, शिव्या सेन्सॉर होतील.

मॅकेंझीचा त्रिभुज प्रदेश तेरा हजार चौरस किलोमीटर. विमानातून जमीन दिसत नाही, तळीच तळी. पंचेचाळीस हजारांहून जास्त मोजली आहेत. पैकी बरीचशी नदीपेक्षा उंचावर, एरवी तुटलेली. वसंतात मुखाशी बर्फ तुंबतो, पाणी फुगतं आणि तळ्यांत शिरतं, सोबत गाळ आणि खाद्य. मास्तर, तुमच्या वाक्यातले "पूर येतात" हे मुलांना संकट म्हणून शिकवलं जातं, इथे तो पूर चुकला तर तळं मरतं. पीस-अथाबास्काला धरणाने पुराचं जे चक्र बिघडलं ते इथे अजून नीट चालू आहे, कारण मोकळी लिआर्ड आहे.

पील नदी इथेच मिळते, पश्चिमेकडून. युकॉनच्या डोंगरातली, विंड, स्नेक, बॉनेट प्लूम अशा तिच्या नद्या. हिमयुगात पीलचं पाणी बर्फाच्या भिंतीने अडून पश्चिमेला युकॉन नदीकडे वळलं होतं, बर्फ हटल्यावर परत आलं. म्हणजे नदी कोणाची उपनदी हेही कायमचं नसतं.

मुखापलीकडे समुद्रकाठी झाड नाही, तरी किनाऱ्यावर ओंडक्यांचे ढीग. शेकडो मैल वरून नदीने आणलेले. इनुव्हिआलुइट लोकांनी त्यांचीच घरं बांधली. अक्लाविक नावाचं गाव पुरात सारखं बुडतं म्हणून सरकारने १९५० च्या दशकात पूर्वेला इनुविक वसवलं आणि सगळ्यांना तिकडे चला म्हटलं. बरेच गेले नाहीत. अक्लाविक अजून आहे. गावाचं ब्रीद: "मरतो म्हणू नका."

पेठकर | बुध, १५/०१/२०२५ - २०:३३

अक्लाविकला आमच्या पेठेचं मानद सदस्यत्व.

गणामास्तर | गुरु, १६/०१/२०२५ - ०६:५०

पाणकावळा, फळ्यावरचं वाक्य अर्धवट होतं हे मान्य. चाळीस वर्षांनी दुरुस्ती करायला वर्ग उरला नाही, नातवाला गाठतो.

नकाशावेडा, एक राहिलं. लिआर्डचा मातकट पट्टा आणि सरोवराचं पाणी शेवटी मिसळतं कुठे? आणि त्या बाटल्यांचं काय झालं?

नकाशावेडा | गुरु, १६/०१/२०२५ - २१:०५

मास्तर, मिसळायला शेकडो किलोमीटर लागतात. कारण तेच, पात्र किलोमीटर-दीड किलोमीटर रुंद, उतार नऊ सेंटिमीटर, घुसळायला कोणी नाही. तुलिताला ग्रेट बेअरचं निळं पाणी उजव्या काठाने येतं, तेही बराच काळ वेगळं दिसतं म्हणतात. तिथल्या बेअर रॉकवर यामोरियाने तीन अजस्र बीव्हर मारून त्यांची कातडी पसरली, अशी डेनेंची कथा. शेजारच्या काठात कोळशाचे थर आपोआप धुमसतात. मॅकेंझीलाही तो धूर दिसला होता. मला मात्र तिथवर जाता आलं नाही, रस्ता नाही.

बाटल्या आज काढल्या. लिआर्डच्या बाटलीवर कन्येने जुलैत "घाण" असं लिहून ठेवलेलं आहे. तळाशी राखाडी थर बसलाय, दुधावरच्या सायीएवढा, हलवला की धुरासारखा उठतो. मॅकेंझी दरसाल दहा कोटी टनांहून जास्त गाळ आर्क्टिक समुद्रात टाकते, त्यातला बराचसा हा असा डोंगरातल्या नद्यांचा. वरचं पाणी मात्र आता इतकं नितळ की दुसरी बाटली शेजारी ठेवली तर फरक कळत नाही. कन्या म्हणाली, आता चिठ्ठी बदलू का. मी म्हटलं, आधी हलव.

भिंगरी | गुरु, १६/०१/२०२५ - २१:३०

बाटल्यांचा तरी फोटो टाका हो. आणि या वेळी दिसेल असा.